धूळ असू दे

गोव्यात गाडीचा रंग खरा दिसतो तो पाऊस ओसरल्यावर. चार महिने आभाळ भरलेलं असतं, उजेड चहूबाजूंनी सारखा पसरून येतो आणि त्या उजेडात कुठलीही गाडी बरी दिसते. चवथ होते, आभाळ मोकळं होतं आणि मग ते पांढरं, कडक ऊन थेट बॉनेटवर उतरतं. उन्हाचं प्रतिबिंब जिथे पडतं तिथे त्याच्याभोवती बारीक रेघांचं गोल जाळं दिसू लागतं. काळ्या गाडीवर सर्वांत ठळक, गडद निळ्या आणि मरून गाडीवर जवळजवळ तेवढंच. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर शोधावं लागतं, पण असतं. गाडीचा रंग बारकाईने साफ करून पॉलिश करणारे, म्हणजे डिटेलिंगवाले, याला स्वर्ल मार्क म्हणतात.

गोल दिसतात म्हणून लोक ठरवून मोकळे होतात की कोणीतरी फडकं गोल फिरवलं. सरळ पुसा, गोल पुसू नका, हा सल्ला गॅरेजातही मिळतो आणि घरातल्या मोठ्यांकडूनही. प्रत्यक्षात ती वर्तुळं गाडीवर नसतात. रंगावरचे ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात, आडवे, उभे, तिरके, एकमेकांना छेदणारे. ओरखडा म्हणजे एक अतिशय अरुंद चर. चरावर पडलेला प्रकाश त्याच्या लांबीला काटकोन करून फेकला जातो. त्यामुळे उन्हाच्या ठिपक्याभोवती जे असंख्य ओरखडे असतात, त्यांतले त्या ठिपक्याला वळसा घालणारे तेवढेच आपल्या डोळ्यापर्यंत उजेड पोचवतात, बाकीचे दिसतच नाहीत. डोळा त्या तुकड्यांतून वर्तुळ जुळवतो. एक पाऊल बाजूला सरकून पाहा. ठिपका सरकतो आणि जाळंही त्याच्याबरोबर सरकतं. गाडीवर खरोखर गोल रेघा असत्या तर त्या जागच्या जागी राहिल्या असत्या.

हे एकदा लक्षात आलं की हात कुठल्या दिशेने फिरला हा प्रश्न मागे पडतो. हात आणि रंग यांच्यामध्ये काय होतं, हा खरा प्रश्न उरतो.

आपल्याकडे मध्ये असतो तो जांभा. गोव्यातला अर्धा रस्ता, अंगण, घराच्या भिंती, डोंगराची कापलेली बाजू, सगळं याच तांबड्या दगडाचं. उन्हाळ्यात त्याची भुकटी उडते ती पिठासारखी मऊ वाटते, पण तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांबरोबर क्वार्ट्‌झचे कणही असतात. कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ ७ वर येतो, काचेपेक्षा वर. गाडीवरचा वरचा थर हा एक प्रकारचा प्लास्टिकचा थर आहे, काचेच्या जवळपासही नाही. किनाऱ्याकडे जा, मिरामारला, कळंगुटला, तिथे वाळू हीच धूळ, आणि त्यात खाऱ्या वाऱ्याचं मीठ. आमच्या फोंडा, डिचोली, सांगे भागात खनिजाची धूळ. उसगाव-तिस्कच्या रस्त्यावर टिप्परांची रांग लागायची तेव्हा झाडांची पानंसुद्धा तांबूस काळी असत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि वाहतूक पुन्हा थंडावली. त्या काळात लोकांच्या हालांविषयी जे बोललं गेलं ते योग्यच होतं आणि त्यापुढे गाडीचा रंग ही क्षुल्लक गोष्ट आहे. तरी त्या पट्ट्यातल्या गाड्यांकडे पाहिलं की ती वर्षं रंगावर वाचता येतात.

धूळ गाडीवर नुसती बसलेली असते तोवर ती काहीही करत नाही. महिनाभर बसू दे. ओरखडा उमटतो तो आपण तिला ढकलतो तेव्हा. आणि आपल्याकडे गाडी ढकलत-घासत पुसण्याच्या संधी पदोपदी आहेत. सकाळी ऑफिसला निघताना डिकीतलं पिवळं फडकं काढून कोरडंच फिरवायचं. मेण लावलेली झटकणी आणायची आणि ती वर्षभर न धुता वापरायची. माडाखाली गाडी लावतो म्हणून कव्हर घालायचं, पण धुळीच्या गाडीवर घालायचं. मग दुपारी समुद्राचा वारा सुटला की ते कव्हर फडफडत आतली वाळू रंगावर घासत बसतं, संध्याकाळपर्यंत. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोटीने जाताना गाड्या इतक्या जवळ उभ्या असतात की माणसं त्यांच्यामधून अंग चोरून जातात. कुणाची पिशवी, कुणाच्या पँटचं बटण, कुणाची टोपली त्या धुळीवरून घासत जाते. दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, झेंडूची माळ बांधतो. पूजा व्हायलाच हवी. फक्त माळेची तार मोकळी सोडू नये, दोऱ्यात गुंफावी. आणि सुकलेलं कुंकू नखाने किंवा फडक्याने खरवडू नये, ओल्या कापडाची घडी त्यावर थोडा वेळ ठेवून उचलावं. कावळ्याच्या विष्ठेलाही तोच उपाय. तिच्यात बिया आणि खडे असतात, आणि उन्हात राहिली तर ती रंगात खड्डाही पाडते, म्हणून उशीर करायचा नाही आणि घासायचंही नाही.

या सगळ्यांपेक्षा मोठं कारण मात्र एकच, रोजची धुलाई. आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

पणजी, मडगाव, फोंडा, कुठल्याही शहरातल्या मोठ्या इमारतीत पहाटे गाड्या पुसणारा एखादा माणूस असतोच. त्याच्याकडे एक बालदी, एक फडकं आणि उजाडायच्या आत उरकायच्या कितीतरी गाड्या. पहिल्या गाडीची माती बालदीत जाते, फडक्यात राहते, दुसऱ्या गाडीवर फिरते. तिसऱ्या गाडीपर्यंत बालदीचं पाणी तांबडं झालेलं असतं. मग आठ-दहा महिन्यांनी गाडीमालक जाळं बघतो आणि त्या माणसावर रागावतो. हे मला पटत नाही. रोज पुसून हवी ही अट आपली. पाणी जपून वापरा ही सूचना सोसायटीची. महिन्याचे पैसे ठरवताना दुसऱ्या बालदीचा, चार जादा फडक्यांचा, पाइपच्या पाण्याचा विषय आपण काढलेला नसतो. तो माणूस सांगितलेलं काम दिलेल्या साधनांनी चोख करतो. आमच्या इमारतीत आता वेगळी रीत बसली आहे. पैसे तेवढेच, पण धुलाई आठवड्यातून एकदा, पाइप लावून. मधल्या दिवसांत फक्त काचा. काचेचं फडकं वेगळं, ते रंगाला लागायचं नाही. त्या माणसाचा वेळ वाचतो, गाड्यांचा रंग वाचतो. सुरुवातीला दोन-तीन घरांना आपली गाडी मधले दिवस मळकी दिसते हे सहन होत नव्हतं. आता होतं.

आठवड्याची ती धुलाई कशी करायची, याचा सारा भर एका गोष्टीवर आहे: हात लागायच्या आधी जास्तीत जास्त माती पाण्याने गेली पाहिजे. म्हणून आधी नुसतं पाणी, वरून खाली, चाकांच्या वरच्या कमानींमध्ये आणि दारांच्या खालच्या भागात जास्त वेळ. जमत असेल तर शाम्पूचा फेस फवारून काही मिनिटं तसाच राहू द्यायचा आणि सुकायच्या आत धुऊन टाकायचा. त्यानंतर हात. दोन बालद्या घ्यायच्या, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक दार किंवा बॉनेटचा अर्धा भाग धुवायचा, मग साध्या पाण्याच्या बालदीत खळखळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. तळाशी जाळी ठेवली तर सुटलेली माती खाली बसते, वर येत नाही. छप्पर आधी, दारांचा खालचा पट्टा आणि बंपर शेवटी, कारण सर्वांत खरखरीत माल तिथे असतो. चाकांचा मोजा आणि बालदी अगदी वेगळी. दाब द्यायचाच नाही, मोज्याचं स्वतःचं वजन पुरतं. भांडी घासायचा साबण वापरला तर वरचं मेण निघून जातं. आणि फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं ते रंगाला लावायचं नाही. कितीही झटकलं तरी जांभ्याचा कण त्यात अडकून राहतो.

पुसण्यात निम्मं नुकसान होतं असं मला वाटतं, कारण तोवर माणूस थकलेला असतो आणि गाडी स्वच्छ झाली असं धरून चालतो. जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पाण्यावर पसरून ठेवला आणि हलकेच ओढला की पाणी स्वतःच त्यात शिरतं. ही फडकी घरच्या कपड्यांबरोबर मशीनला टाकू नयेत, सुती कपड्यांचा कोंडा त्यांना चिकटतो. सॉफ्टनर तर नकोच, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि पाणी शोषलं जात नाही. उन्हात गाडी धुऊ नये हे सगळ्यांना ठाऊक आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं, तिथे हे विशेष पाळावं, कारण थेंब सुकला की क्षार मागे राहतो आणि पुढच्या वेळी फडक्याखाली तोच येतो.

पावसात भिजली म्हणजे धुतली, ही आपल्याकडची आणखी एक समजूत. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे ती समजूत वाढायला जागा भरपूर आहे. पण पाऊस वरची सैल माती नेतो. रस्त्यावरून उडालेला तेलकट चिखल पातळ पापुद्र्यासारखा चिकटून राहतो. पाऊस थांबल्यावर त्या ओल्या गाडीवरून फडकं फिरवणं हे कोरड्या धुळीवर फिरवण्याइतकंच वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये गाडीला हात न लावता तिला फक्त पाइपने धुऊन सोडून देणं बरं.

आता झालेलं जाळं काढायचं कसं? त्याआधी रंगाची जाडी समजून घ्यायला हवी. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत चार थर असतात: गंज रोखणारा थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). क्लिअर कोट त्यातला चाळीसेक मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. जाळं या क्लिअर कोटच्या वरच्या काही मायक्रॉनांत असतं. ते काढायचं म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणायचा. भरून काढण्याचा मार्ग नाही, उतरवण्याचाच आहे. देवघरातली समई चिंच लावून घासली तर खाली पुन्हा पितळच लागतं, कितीही पिढ्या घासा. क्लिअर कोटच्या खाली क्लिअर कोट नाही. ऊन सोसण्यासाठी त्यात जी रसायनं घातलेली असतात तीही त्याच्याबरोबरच जातात, आणि एकदा तो थर फार पातळ झाला की काही वर्षांनी छपरावरून, बॉनेटवरून पापुद्रे सुटायला लागतात. मग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही.

जुन्या माणसांना हे पटवणं अवघड जातं आणि त्याला तसंच कारण आहे. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. ऊन लागून रंगाचा वरचा भाग खडूसारखा निस्तेज होई, आणि रबिंग-पॉलिश केलं की तो मेलेला भाग निघून खालचा ताजा रंग वर येई. फडक्याला गाडीचा रंग लागे. ज्यांनी ती गाडी दर चवथीच्या आधी घासून लख्ख केली, त्यांचा हात बरोबर होता. तोच हात आजच्या गाडीवर तसाच चालवला की दर वर्षी थोडा थोडा क्लिअर कोट जातो, आणि फडक्याला काहीच रंग लागत नाही म्हणून कुणाला कळतही नाही.

माझा भाचा फोंड्यात डिटेलिंगचं छोटं दुकान चालवतो. तो हे काम ज्या सावकाशीने करतो ते बघण्यासारखं आहे. गाडी धुऊन झाली की तो आधी ब्रेकमधून उडून रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण फवारतो. पांढऱ्या गाडीवर जागोजागी जांभळे ओघळ उतरतात, नव्या माणसाला भीतीच वाटते. मग चिकट मातीसारखा क्ले भरपूर ओल्या रंगावरून हलकेच फिरवून उरलेला चिकटा उचलतो. हे केलं नाही तर तेच कण पॉलिशच्या पॅडखाली येतात. मग जाडी मोजणारं यंत्र घेऊन प्रत्येक पत्र्यावर ठिकठिकाणी आकडे बघतो. कुठे आकडा एकदम चढला तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय. कुठे उतरलेला दिसला तर तिथे मशीन लावायचं नाही. पत्र्याच्या कडा आणि घडी पडलेल्या रेषा तो टेपने झाकतो, कारण रंग तिथे मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा दाब तिथेच एकवटतो.

यानंतर तो हातभर चौकोन निवडतो आणि सर्वांत सौम्य पॉलिश, मऊ फोमचा पॅड यांनी सुरुवात करतो. जाळं गेलं तर पूर्ण गाडीला तेच. नाही गेलं तर एक पायरी वर. जास्त कापणाऱ्या पॉलिशला, म्हणजे कंपाउंडला, थेट हात घालत नाही. त्याचं मशीन ड्युअल ॲक्शनचं, पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी थोडा हेलकावतो, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. गॅरेजमधलं नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन जास्त वेगाने कापतं. कसलेल्या हातात ते उत्तम, घाईच्या हातात ते रंग भाजून काढतं किंवा उन्हात तरंगणारे पट्टे मागे ठेवतं. हे पट्टे मात्र खरोखर मशीनच्या वाटेने गेलेले असतात, स्वर्लसारखा डोळ्याचा खेळ नव्हे. चौकोन झाला की भाचा तो अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसतो आणि मगच दिव्याखाली बघतो. कारण कितीतरी पॉलिशांत तेलं आणि भरणारे पदार्थ असतात. ते ओरखडे झाकतात, गाडी दोन धुलाया झकास दिसते आणि मग जाळं परत येतं. स्वस्तात तासाभरात ‘स्वर्ल काढून देतो’ म्हणणाऱ्यांकडे बहुधा हेच होतं. गिऱ्हाइकाने तेव्हा एवढंच म्हणावं, पुसून दाखवा.

पॉलिशमधली घासणारी पूड बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते आणि ते काढतात बॉक्साइटमधून. बॉक्साइट हा जांभ्याच्याच कुळातला दगड. ओरखडा पाडणारा आणि तो काढणारा असे जवळचे नातलग आहेत. पॉलिशमधला कण मात्र एकसारख्या आकाराचा असतो, अतिशय बारीक असतो आणि ओलाव्यात फिरतो, म्हणून त्याच्या रेघा डोळ्याला दिसण्याइतक्या खोल जात नाहीत. पॉलिश म्हणजे शेवटी तेही ओरखडणंच. मेणाबद्दलही मला असंच कौतुक वाटतं. गाडीचं उत्तम नैसर्गिक मेण कार्नौबा, ते ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून येतं. आपला काजूही मूळचा तिथलाच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला. बोंडूने गोव्यात मुळं धरली, डोंगरच्या डोंगर व्यापले. कार्नौबा मात्र डबीतूनच आला.

रंगावर चढवायच्या कडक पारदर्शक लेपाविषयी, म्हणजे सिरॅमिक कोटिंगविषयी, सगळे विचारतात. त्याने पाणी आणि चिखल चिकटत नाही, धुणं सोपं होतं, रासायनिक डाग कमी पडतात. धुणं सोपं झालं म्हणजे घासणं कमी, तेवढ्यापुरता स्वर्लना आळा बसतो. वाळूने भरलेलं फडकं त्यावर फिरवलं तर ओरखडे पडणारच. रंगावर चिकटवायची पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) खरी ढाल आहे, तिच्यावरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरूनही येतात, पण किंमत मोठी. पूर्ण गाडीला लावण्यापेक्षा बॉनेट, पुढचा बंपर आणि दारांच्या मुठींमागच्या खोलगट जागा एवढ्यांना लावली तरी पैसे सत्कारणी लागतात.

माझ्या गाडीच्या मागच्या दारावर एक चरा आहे, नख फिरवलं की अडकतं. नखाला लागणारा चरा बहुधा क्लिअर कोटमध्ये फार खोल गेलेला असतो, तो पूर्ण काढायचा तर आसपासचा थर धोक्यात येतो. भाच्याने त्याच्या कडा थोड्या बोथट केल्या, तो आता दोन हातांवरून दिसत नाही. आणखी करू का, असं त्यानेच विचारलं आणि त्यानेच उत्तर दिलं, “मामा, हा असू दे. पुढच्या दहा वर्षांसाठी काहीतरी शिल्लक ठेवूया.” मी हो म्हटलं.

त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांत अगदी नव्या कोऱ्या गाड्याही असतात, शोरूममधून निघून आठवडाही न झालेल्या, आणि त्यांच्यावर जाळं असतं. डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी गाडी घाईने धुऊन, पुसून, चमकवून ठेवतात, त्यात ते येतं. म्हणून सणाला नवी गाडी घेणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला तो आधीच सांगून ठेवतो: बुकिंग करतानाच लेखी द्या की गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, वरचं प्लास्टिक काढायचं नाही, आम्ही आहे तशी नेऊ. शोरूमवाल्यांना आधी नवल वाटतं, हार घालताना गाडी धुळीची कशी चालेल म्हणतात. बाईसाहेबांना, आईला, मुलांना तर फोटोच हवा असतो. गेल्या महिन्यात त्याच्या एका मित्राने तसंच केलं. हार धुळीवर न टेकवता आरशाला अडकवला, नारळ चाकापुढे वाढवला, आणि गाडी सरळ भाच्याच्या दुकानात आणून पाइपखाली उभी केली.